मुलीला फॉरेन्सिक करायचंय

बारावीचा निकाल लागला की हल्ली दोन-तीन तरी पालक मला गाठतात. "सर, मुलीला फॉरेन्सिक करायचंय म्हणते. त्यात पुढं काही आहे का?" आणि मग हळू आवाजात, "प्रेताजवळ जावं लागतं का हो?"

आधी ही धास्ती घालवू. शवविच्छेदन डॉक्टर करतात; त्यासाठी एमबीबीएस आणि पुढे न्यायवैद्यकशास्त्रात एमडी. फॉरेन्सिक सायन्स, म्हणजे मराठीत न्यायसहायक विज्ञान आणि कन्नडमध्ये विधिविज्ञान, हे बरेचसे प्रयोगशाळेतले काम. रक्ताचा डाग, विषाचा अंश, खोटी सही, मोबाईलमधून पुसलेला मजकूर यांची तपासणी. तिसरी वाट क्रिमिनॉलॉजीची. माणूस गुन्ह्याकडे का वळतो, तुरुंगातून सुटल्यावर त्याचे काय होते, याचा अभ्यास. ही वाट कला शाखेच्या मुलांनाही खुली आहे.

सोय आता जवळ आली आहे. गुजरात सरकारने २००९ साली गांधीनगरला काढलेले फॉरेन्सिक विद्यापीठ २०२० मध्ये राष्ट्रीय झाले. त्याची केंद्रे गोव्यात आणि आपल्या धारवाडलाही आहेत. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात क्रिमिनॉलॉजी व फॉरेन्सिक सायन्सचा पदव्युत्तर विभाग आहे. बेळगावात सरकारची प्रादेशिक प्रयोगशाळाही आहे.

मागणी वाढण्याचे कारण कायद्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७६ सांगते, की सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. म्हणजे माणसे लागणार. पण सरकारी भरती जाहिरात निघेल तेव्हाच होते, आणि अनेक पदांना एमएस्सी मागतात. म्हणून मी सांगतो, आधी रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र घेऊन साधी बीएस्सी करा, मग फॉरेन्सिकमध्ये एमएस्सी. मन बदलले तर इतर दारे उघडी राहतात. खासगी कॉलेजात भरमसाट फी भरण्यापूर्वी त्याची मान्यता तपासा, प्रयोगशाळा स्वतः पाहा आणि शिकवतो कोण ते विचारा.

टीव्हीवर अर्ध्या तासात गुन्हेगार सापडतो. खऱ्या कामाला चिकाटी लागते. रक्ताने भिजलेला कपडा सावलीत वाळवून कागदात गुंडाळावा लागतो. ओला तसाच प्लास्टिकमध्ये बांधला तर कुजतो आणि डीएनए खराब होतो. कोणी उचलला, कोणी सील केला, कोणाच्या हाती दिला, याची नोंद लागते. त्यात खंड पडला तर कोर्टात पुराव्यावर बोट ठेवले जाते. खरा गुन्हेगार सुटू शकतो, आणि निरपराध माणूस अडकूही शकतो.

इथे आपल्या घरातल्या मुलांची एक जमेची बाजू आहे. मराठीतला पंचनामा आणि कन्नडमधला महजर ती दोन्ही वाचू शकतात. साक्षीदार घाबरून आपल्या बोलीत बोलला तरी त्याचा अर्थ त्यांच्याकडून निसटत नाही. सीमाभागात हे फार मोलाचे आहे. तेव्हा मुलीला विज्ञान शिकवताना तिचे कन्नड आणि मराठी, दोन्ही लिहिणे पक्के करून घ्या.

आणि तिला एवढेच विचारा, "एकच काम रोज न कंटाळता, तितक्याच काळजीनं करशील ना?" ती हो म्हणाली तर प्रेताची भीती घालून तिला अडवू नका.