उमेदवारीची किंमत कोणी मोजायची?

मीरा रोड येथे 2025 साली दिवाणी व फौजदारी न्यायालय सुरू झाले. प्रत्येक तारखेला ठाण्याचे हेलपाटे घालणाऱ्या मीरा-भाईंदरच्या नागरिकांना त्यामुळे दिलासा मिळाला, हे निर्विवाद आहे. परंतु न्यायालय म्हणजे केवळ इमारत आणि न्यायासन नव्हे. पक्षकाराला वकील परवडला पाहिजे, आणि वकिलाला वकिली परवडली पाहिजे. यातील दुसऱ्या गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

नवी सनद घेतलेला तरुण ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी करतो. अर्ज-कैफियती तयार करणे, नकला मिळवणे, तारखा सांभाळणे यांत त्याचा दिवस जातो. मोबदला मात्र ज्येष्ठाच्या मर्जीवर असतो. बार कौन्सिलच्या नियमांमुळे त्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, की स्वतःची जाहिरात करता येत नाही. म्हणजे उत्पन्नाच्या इतर वाटा नियमाने बंद, आणि जी एक वाट उरते तिच्यावर किमान मोबदल्याची हमी नाही. याला प्रशिक्षण म्हणतात. वस्तुतः ती व्यवसायात शिरण्याची किंमत आहे, आणि ज्याच्या घरात आधार आहे त्यालाच ती मोजता येते.

हे दुखणे जुने आहे. 1923 साली मुंबईत वकिली सुरू करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनाही 1925 ते 1928 या काळात उपजीविकेसाठी बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवावा लागला. त्यांची ही गत, तर सामान्य घरातील पहिल्या पिढीच्या पदवीधराची काय कथा!

सनदेचे शुल्क खुल्या गटासाठी 750 व अनुसूचित जाती-जमातींसाठी 125 रुपयांहून अधिक घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 30 जुलै 2024 रोजी दिला. दार उघडले, आत टिकण्याचे काय? त्याच वर्षी 15 ऑक्टोबरला बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठांना शहरांत दरमहा किमान 20,000 व ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचविले. पण ही केवळ शिफारस होती. उलट 20 मे 2025 च्या निकालाने दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. अनुभवाची अपेक्षा रास्त आहे. परंतु बिनपगारी तीन वर्षे ज्याला काढता येत नाहीत, त्याला न्यायासनाचा मार्गही बंद होतो.

याविरुद्ध दाद कोठे मागायची? 1961 च्या वकील कायद्यानुसार राज्य बार कौन्सिलच्या निम्म्या जागांवर किमान दहा वर्षे अनुभवाचे वकील असावे लागतात; नवोदितांसाठी एकही जागा राखीव नाही. ज्यांचा प्रश्न, त्यांचाच आवाज नाही. इंग्लंडमध्ये 2003 पासून बॅरिस्टरच्या उमेदवाराला मोबदला देणे सक्तीचे झाले. ही सुधारणा कामगार कायद्याने नव्हे, तर व्यवसायाच्या संस्थेनेच आपल्या नियमाने घडविली.

अनेक ज्येष्ठांचेही उत्पन्न बेताचे असते, हे खरे. म्हणून सारा बोजा त्यांच्यावर टाकणे न्याय्य नाही. केरळ सरकारने 2018 साली अल्प उत्पन्नाच्या तरुण वकिलांना दरमहा पाच हजारांपर्यंत साहाय्य देण्याचे ठरविले. महाराष्ट्रात 1981 च्या कायद्याने वकील कल्याण निधी उभा राहिला. त्यात शासनाने भर घालून पहिल्या तीन वर्षांचे विद्यावेतन बंधनकारक करावे, आणि बार कौन्सिलमध्ये नवोदितांना जागा द्याव्यात.

हा केवळ वकिलांचा प्रश्न नाही. भाईंदरच्या भांडी कारखान्यांतील कामगार, मिठागरांतील मजूर आणि उत्तनचा कोळी यांची बाजू उद्या कोण मांडणार, हे आज कोणाला उमेदवारी परवडते यावर ठरणार आहे. म्हणून या मागणीसाठी कार्यकर्त्यांनी तरुण वकिलांच्या बरोबर उभे राहिले पाहिजे.