वगळलेला 13, बेरजेतला 39

चंडीगढच्या मूळ आराखड्यात सेक्टर 12 नंतर थेट 14 येतो. ल कॉर्बुझिएला 13 चं वावडं होतं, असं सांगतात. आणि अंकशास्त्राची मंडळी विचारतात, एवढा मोठा वास्तुकार अंकाला भ्यायला, तिथे तुम्ही कोण लागून गेलात?

बरं, आता नकाशा बघा. सेक्टरांचे क्रमांक शेतातल्या नांगरासारखे चालतात: एक ओळ जाताना, पुढची येताना. त्यामुळे 17 समोर 22, 18 समोर 21, 16 समोर 23. प्रत्येक जोडीची बेरीज 39, म्हणजे 13 ची तिप्पट! 13 वगळला नसता तर ती 37 झाली असती. हाकलला म्हणूनच तो परत आला. यात गूढ कसलं? हवे तसे आकडे जुळवले की हवा तो आकडा निघतो.

खुद्द सेक्टर 39 चे 3 आणि 9 मिळून 12, त्याचे 3. गुरूचा अंक, झकास. 13 चे 4, म्हणून राहू. मग 4, 22, 31, 40 हे सेक्टर कसे राहिले? त्यांचीही बेरीज चारच. (आपल्याकडे तर 13 व्या तिथीला धनाची पूजा होते.) 2020 मध्ये तर चंडीगढमधल्याच मनीमाजरा भागाला सेक्टर 13 म्हणायचं ठरलं.

‘पण हे शास्त्र पायथागोरसाइतकं जुनं आहे!’ संख्या हे विश्वाचं मूळ, असं त्याचा संप्रदाय मानी, हे खरं. ग्रीक आणि हिब्रू अक्षरंच आकडे म्हणूनही चालत, त्यामुळे नावांची बेरीज तिथे सहज सुचली. आज बाजारात असलेलं अंकशास्त्र मात्र विसाव्या शतकातलं; अमेरिकेतल्या बॅलिएट बाई आणि आपल्याकडे घरोघरी पोचलेला कीरो यांनी ते लोकप्रिय केलं. त्यात मराठी नावाचं भाग्य इंग्रजी स्पेलिंगवर ठरतं. टिळकांचा जन्म 23 जुलै 1856 चा, म्हणून जन्मांक 5. तिथी धरली तर आषाढ वद्य षष्ठी, म्हणून 6. माणूस एकच.

अक्षरांना अंक देण्याची आपली स्वतःची रीत आहे, कटपयादी. तिचा अभिमान जरूर बाळगावा. तिच्यात ‘ध’ म्हणजे 9, ‘र’ म्हणजे 2, आणि अंक उलटे वाचायचे. कर्नाटक संगीतातल्या शंकराभरण रागाचा 29 वा क्रमांक नावातच कळावा म्हणून त्याआधी ‘धीर’ जोडलं गेलं. क्रमांक लक्षात राहावा, एवढाच त्या जोडणीचा हेतू. रागाचे स्वर होते तेच राहिले.