अस्वलाची ढाल

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला आठवडा आमच्या डॉर्मिटरीत वादांचाच असतो. या वेळचा वाद माझ्यामुळे झाला. सुट्टीत मी चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळलो आणि माझं अस्वल माझ्या जोडीदारासाठी मार खातं, हे कौतुकाने सांगून बसलो. एक जण लगेच म्हणाला, “म्हणजे मुक्या प्राण्याच्या आड लपून लढायचं! हा भित्रेपणा आहे.” दुसरा म्हणाला, “अरे, बटण दिलंय तर दाबायचं. त्यात विचार कसला?” मला दोघांचंही पटलं नाही. पण तेवढ्यात लाइट्स आउट झाले आणि माझं म्हणणं राहून गेलं. ते इथे लिहितो.

हा खेळ २००४ सालचा, म्हणजे आमच्यापेक्षा वयाने मोठा. त्यातला हंटर एखादं जनावर माणसाळवतो आणि ते त्याच्या बाजूने लढतं. माझ्या अस्वलाचं नाव मी जांबुवंत ठेवलं आहे. अरीना नावाच्या छोट्या मैदानात खरे खेळाडू एकमेकांशी लढतात, आम्ही दोन विरुद्ध दोन खेळायचो. तिथे हंटरकडे ‘रोअर ऑफ सॅक्रिफाइस’ नावाची एक आज्ञा असते. ती ज्याच्यासाठी द्याल त्याला बारा सेकंद ‘क्रिट’ बसत नाही. क्रिट म्हणजे मध्येच बसणारा, नेहमीपेक्षा बराच मोठा घाव. असे दोन-तीन लागोपाठ बसले की माणूस संपला. आज्ञा एकदा दिली की मिनिटभर परत देता येत नाही.

याची किंमत अस्वल देतं. त्या बारा सेकंदांत जोडीदाराला जो मार बसतो, त्यातला काही भाग जनावरालाही बसतो. यातला ‘ही’ फार महत्त्वाचा आहे. मला आधी वाटायचं की मार वाटून घेतला जातो, जोडीदाराचं ओझं थोडं कमी होऊन अस्वलावर येतं. तसं नाही. जोडीदार आपला मार खातोच, फक्त मोठे घाव टळतात. अस्वलाचा मार त्याच्यावर वेगळा.

आता भित्रेपणाचं. आमच्या जोडीत दादा प्रीस्ट, म्हणजे जखमा भरून काढणारा. एका सामन्यात समोर एक मेज होता आणि एक रोग. (रोग म्हणजे आजार नव्हे. लपून मागून येणारा मारेकरी. परिणाम मात्र तोच.) रोगने दादाला गाठून जागीच सुन्न केलं. दादाला हलता येईना, स्वतःवर इलाज करता येईना. माझ्याकडे आज्ञा तयार होती. पण मला वाटलं, दादा पडला तर पुढचा नंबर माझा, तेव्हा मला लागेल. दादा ओरडला, “जांबुवंत!” मी म्हणालो, “थांब, थांब.” त्याची पट्टी अर्ध्यावर होती, ती दोन घावांत शून्यावर आली. पाठोपाठ मीही गेलो. दादा काही बोलला नाही, उठून पाणी प्यायला गेला. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

म्हणून माझ्या पहिल्या मित्राला माझं उत्तर असं आहे, की मी भित्रा ठरलो तो अस्वलाची ढाल वापरली म्हणून नाही, तर ती स्वतःसाठी राखून ठेवली म्हणून.

त्यानंतर मी आज्ञा वेळेवर, दादासाठीच द्यायला लागलो. आम्ही जिंकूही लागलो. तेव्हा दुसऱ्या मित्राचं म्हणणं मला खरं वाटत होतं, बटण दाबायचं आणि पुढे जायचं. मग एका सामन्यात आज्ञा जाईना. पाहतो तर जांबुवंत केव्हाच मरून पडला होता. केव्हा, ते मला सांगता येत नव्हतं, कारण त्याची पट्टी मी चॅटच्या खिडकीखाली झाकून टाकली होती. पडलेल्या जनावराला उठवता येतं, पण त्याला वेळ लागतो आणि समोरचे तो देत नाहीत. सामना गेला, ते राहू दे. पण ज्याला मी दर मिनिटाला मार खायला पाठवत होतो, त्याच्याकडे मी बघतही नव्हतो.

इथे हुकूम देणारा एक, वाचणारा दुसरा आणि सोसणारा तिसरा. डेहराडूनच्या अकॅडमीत चेटवूड यांचं जे वचन अधिकाऱ्यांसमोर ठेवतात, त्यात देश पहिला, हाताखालचे जवान नंतर आणि आपण स्वतः सर्वांत शेवटी. त्या क्रमात मी जांबुवंताला कुठेच धरलं नव्हतं.

कोणी म्हणेल, ते कॉम्प्युटरमधलं अस्वल आहे. मान्य. सप्टेंबर २०२३ मध्ये राजौरीच्या चकमकीत केंट गेली, ती मात्र खरी होती. सहा वर्षांची लॅब्राडोर, २१ आर्मी डॉग युनिटची. पळणाऱ्या दहशतवाद्यांच्या मागावर ती जवानांच्या पुढे होती. जोरदार गोळीबार सुरू झाला, तेव्हा आपल्या हँडलरला वाचवताना ती पडली. तिला परत उठवायचं बटण नव्हतं. खेळाने मला केंट समजली असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं तिचा अपमान होईल. उलट, केंटची बातमी आठवल्यावर खेळात काय कमी आहे ते मला दिसलं.

दादा सांगतो की पूर्वी या खेळात हंटरला जनावराला खायला घालावं लागायचं. नाराज जनावर कमी जोराने लढायचं, अगदी सुरुवातीच्या काळात तर ते मालकाला सोडूनही जायचं. लोकांना त्याची कटकट वाटायची, म्हणून पुढे ते काढून टाकलं. माझ्या मते ते काढायला नको होतं. ज्याला मार खायची आज्ञा द्यायची, त्याला आधी आपल्या हाताने चारावं लागावं आणि नाही चारलं तर त्याने निघून जावं, हा नियम खेळातला सर्वांत चांगला नियम होता. दादाला हे पटत नाही. तो म्हणतो, “तुला दोन दिवस मासे शोधत फिरायला लागलं असतं ना, मग कळलं असतं.”

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी जांबुवंताची पट्टी चॅटखालून काढून दादाच्या पट्टीशेजारी आणून ठेवली. पहिला मित्र अजून ऐकत नाही. हंटर सोड आणि वॉरियर घे म्हणतो. उन्हाळ्याच्या सुट्टीला अजून बराच अवकाश आहे, तोवर हा वाद पुरेल.