शिवराईचे नाणे पेटीत नको, बाजारात हवे

या वर्षी शिवजयंतीला मी आमच्या देव्हाऱ्यातली शिवराई शाळेत आणली होती, हे वर्गातल्या सगळ्यांना आठवत असेल. आजीने ती देताना तीन वेळा बजावले होते, "हरवलीस तर घरात पाय ठेवू नगंस." माझ्या पणजोबांना ती नांगरताना शेतात सापडली. तेव्हापासून ती टाकांशेजारी असते आणि सणासुदीला चिंचेने घासली जाते. त्यामुळे अक्षरे पुसट झाली आहेत, पण उजेडात तिरपी धरली की वाचता येतात. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र पति’.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत आपल्यात वाद झाला. महाराजांच्या नाण्याची आठवण म्हणून सरकारने नाणे काढायचे, तर ते कसे असावे? बहुतेकांचे म्हणणे पडले, सोन्याचे असावे, होनासारखे, आणि मखमली पेटीत ठेवलेले. घंटा झाली आणि माझे बोलणे राहून गेले. ते येथे लिहितो.

आपणा सर्वांना ठाऊक आहेच की ६ जून १६७४ रोजी रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई अशी दोन्ही नाणी पाडली. होनाचे वजन तीन ग्रॅमलाही कमी. मोठे व्यवहार आणि खजिन्याचे हिशेब होनांत होत. पण मीठ, तेल, मिरची घेणाऱ्या माणसाने होन आयुष्यात किती वेळा पाहिला असेल? त्याच्या कनवटीला असायची ती शिवराई. आज होन फार थोडे उरले आहेत. शिवराया मात्र अजून कुणाच्या शेतात, कुणाच्या पडक्या भिंतीत सापडतात. महाराजांच्या नंतरही छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात त्याच नावाची नाणी पडत राहिली. इंग्रजांचे राज्य आले तरी ती बरीच वर्षे बाजारात चालत होती. म्हणून आठवण काढायची तर आधी तांब्याची काढावी, असे माझे मत आहे. होनाला माझा विरोध नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. शिवराईवर महाराजांचे चित्र नाही. फक्त अक्षरे आहेत, आणि तीही आपली. त्या काळी मोगलांच्या आणि आदिलशाहीच्या नाण्यांवर फारसी अक्षरे असत. ती आपल्या गावात कोण वाचणार? खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये तांब्याचा तुकडा आणि वरून हातोडा, अशी ही नाणी पाडत. तुकडा ठशापेक्षा लहान असला की अक्षरे बाहेर जात. म्हणून आमच्या शिवराईवर ‘राजा’चा ‘जा’ अर्धाच आहे. पुढच्या काळातल्या शिवरायांवर तर कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘पति’, कुठे ‘पती’ असे लिहिलेले आढळते. आपल्या बाईंनी त्या तपासल्या असत्या तर लाल शाईची बाटली संपली असती!

सरकारने १९९९ मध्ये महाराजांचे दोन रुपयांचे नाणे काढले होते. बाबांकडे एक आहे. त्याला अकरा कोपरे आहेत. एका बाजूला महाराजांचे चित्र आणि दुसऱ्या बाजूला सिंह. बाबा सांगतात, ते त्यांना एस.टी.च्या कंडक्टरने सुट्टे म्हणून दिले होते. मला वाटते, हीच खरी रीत. नाहीतर शंभर रुपयांची मोठी नाणी निघतात. त्यांच्यापैकी कितीतरी ३५ ग्रॅम वजनाची आणि निम्मी चांदीची होती. ती टाकसाळीकडून पेटीत विकत मिळतात, पण वर लिहिलेल्या किमतीला नव्हे. त्याहून पुष्कळ जास्त पैसे मोजावे लागतात. ती घेणाऱ्यांनी जरूर घ्यावीत. पण ज्या नाण्याने कुणी कधी काही विकत घेणार नाही, त्याला नाणे तरी कशाला म्हणायचे?

आता माझे गाऱ्हाणे सांगतो. गेल्या आठवड्यात आईने मला दहा रुपयांचे नाणे देऊन साखर आणायला पाठवले. दुकानदार काका म्हणाले, "हे न्हाई चालत, नोट आण." मी म्हणालो, "का बरं?" तर म्हणाले, "माझ्याकडनं कुणी घेत न्हाई, मग मी का घेऊ?" मी तसाच परत आलो. त्या दिवशी घरात बिनसाखरेचा चहा झाला, आणि बोलणी मात्र मला बसली. रिझर्व्ह बँकेने तर २०१८ मध्येच जाहीर केले आहे की दहा रुपयांच्या नाण्याचे चौदा निरनिराळे नमुने निघाले आहेत आणि ते सगळे चालतात. त्यांतली काही नाणी कुणाच्या ना कुणाच्या आठवणीचीच आहेत. उद्या शिवराईच्या आठवणीचे नाणे निघाले आणि त्यालाही आपण "चालत न्हाई" म्हणालो, तर?

या बाबतीत महाराजांचे वागणे बघा. राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता. तहाच्या कलमांत इंग्रजांची एक मागणी अशी होती की आमची नाणी तुमच्या मुलखात चालावीत. महाराजांनी ते कलम लिहून दिले नाही. त्यांचे म्हणणे असे की मी कोणत्याच नाण्याला बंदी करीत नाही, पण ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे तिने घ्यावे अशी सक्तीही करणार नाही. तुमचे नाणे कसाला आणि वजनाला मोगलांच्या नाण्याइतके चोख असेल तर ते आपोआप चालेल. म्हणजे रयतेचे नुकसान होते की नाही, हे राजाने आधी पाहिले. दहा रुपयांचे नाणे घेण्यात कुणाचे नुकसान आहे? एकाने घेतले की दुसरा घेतो. दुकानदार काकांची अडचण मला कळते, पण सुरुवात कुणीतरी करायला हवी ना?

तर माझी सूचना अशी. नाणे निघावे, पण दहा किंवा वीस रुपयांचे, खेळते. त्यावर चित्र नसले तरी चालेल. तीन ओळींत ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्र पति’ असावे, आणि सहावी-सातवीच्या पोराला ते चिंचेने न घासता वाचता यावे. आजीला हे वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "आन् त्ये बी द्येवात ठिवायचं का?" मी म्हणालो, "नाही आजी, खर्चायचं." तिला ते फारसे पटले नाही.

पालकसभेला आपले दुकानदार काकाही येतात आणि हा फलक वाचतात, हे मला माहीत आहे. काका, ते दहाचे नाणे अजून माझ्या कंपासपेटीत आहे. सोमवारी साखर आणायला मलाच यायचे आहे.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी