तात्पुरती नोकरी आणि मुलांची तीन वर्षे

शिक्षक परदेशी निघाला की त्यास उपदेश करावयास सारे गाव शिक्षक होते. नोकरी दोनतीन वर्षांच्या कराराची आहे, शाळा परक्या मुलखातील आहे आणि घरात चार व सात वर्षांची मुले आहेत, एवढे कळले की निकाल ठरलेलाच: "तुम्ही एकटे जा, पैसा जोडा; बायकामुले येथे आजी-आजोबांपाशी राहू द्या. तात्पुरत्या नोकरीसाठी मुलांची शाळा कशाला मोडता?" हा उपदेश व्यवहारी वाटतो, आणि म्हणूनच त्याची झडती घेणे अवश्य आहे. आमच्या मते तो साफ चुकीचा आहे. आणि तो चुकतो 'तात्पुरते' या एकाच शब्दापाशी.

तीन वर्षे म्हणजे किती? पस्तिशीच्या बापास ती सरलेल्या आयुष्याचा जेमतेम बारावा हिस्सा. चार वर्षांच्या मुलीस मात्र ती आजवरच्या साऱ्या आयुष्याच्या पाऊणपट! या अवधीत ती अक्षरे जुळवू लागते, तिचे दुधाचे दात पडतात, भय आणि विश्वास कोणापाशी ठेवावा हे ती ठरविते. बाप परततो तेव्हा त्याची नोकरी तेवढी तात्पुरती ठरलेली असते; मुलीच्या लेखी तो भ्रमणध्वनीच्या काचेवर रोज दहा मिनिटे येणारा एक प्रेमळ पाहुणा झालेला असतो. मुले येथे ठेवली म्हणजे त्यांचे जसे चालले होते तसेच चालेल, ही समजूतच मुळी खोटी आहे. शाळा मोडत नाही हे खरे. पण घर मोडते. आणि जाणारी व्यक्ती शिक्षिका असली की हेच उपदेशक 'एकटी जा' असे म्हणत नाहीत. ते 'जाऊच नको' म्हणतात! ज्या नियमाचा अर्थ माणूस पाहून बदलतो, त्यास नियम तरी कसे म्हणावे?

शिवाय तात्पुरतेपणाचा हा बाऊ समुद्रापलीकडच्या नोकरीपुरताच का? आमच्या महाराष्ट्रात २००० सालापासून नव्या शिक्षकास पहिली तीन वर्षे 'शिक्षणसेवक' म्हणून मानधनावर काढावी लागत आली आहेत. ते मानधन २०२३ साली वाढले, तेव्हा प्राथमिक शाळेत ते महिना १६,००० रुपये झाले. तत्पूर्वी ते ६,००० होते. या तीन वर्षांसाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या तरुणास 'मुले घरी ठेव' असे बजावणारा कोणी आमच्या पाहण्यात नाही. घरच्या तात्पुरतेपणास कुटुंबासह तोंड द्यावे आणि बाहेरच्यास एकट्याने, हा कोठला न्याय?

परदेशातील नियमही आपल्या उपदेशकांपेक्षा उदार आहेत. अमेरिकेत विनिमयाने येणाऱ्या शिक्षकास जे-१ प्रकारचा परवाना मिळतो. त्याची मुदत तीन वर्षे, फार तर आणखी दोन. परंतु पती वा पत्नी आणि एकवीस वर्षांखालील अविवाहित मुले यांना सोबत नेण्याची सोय त्यातच आहे. मुदतीने येणारा माणूस कुटुंबवत्सल असू शकतो, हे तेथील कायद्यास उमगले. आपल्या चावडीस उमगू नये, हे नवल आहे.

आता भाषेचा आक्षेप घेऊ. "मुले ना धड मराठी राहतील, ना धड इंग्रज होतील," असे म्हणतात. या आक्षेपाचे उत्तर शोधावयास पुण्यामुंबईस जाण्याचे कारण नाही; भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील बपेऱ्यास जावे. गाव मध्यप्रदेशाच्या सीमेलगतचे. या पट्ट्यातील पुष्कळ घरांत पोवारी बोलली जाते, बाजारात हिंदी चालते आणि शाळेत मराठी. भंडारा व बालाघाट हे शेजारी जिल्हे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत एकाच राज्यात होते. भंडारा नंतर मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. म्हणजे येथल्या माणसांनी उंबरठा न ओलांडता राज्यकारभाराची भाषा बदललेली पाहिली. या मुलखातील पोर तीन भाषांत भांडते, हसते आणि हिशेब करते. तिचे काही बिघडत नाही. ज्याच्या घरी ही शाळा आहे, त्याने चौथ्या भाषेस भ्यावे काय? भाषा बुडते ती दुसरी भाषा आल्याने बुडत नाही. पहिलीत बोलणारे माणूस घरात उरले नाही म्हणजे ती बुडते. आईबाप दोघेही सोबत असणे, हाच तिच्यावर खरा पहारा.

या बाबतीत एक जुने उदाहरण मननीय आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडास गेल्या, तेव्हा त्यांची मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. वैद्यक शिकण्याचा त्यांचा बेत श्रवणदोषामुळे फसला. मग चेल्टनहॅम येथील मुलींच्या कॉलेजात स्वतः शिकत असतानाच त्या संस्कृत शिकवू लागल्या. म्हणजे परमुलखातील मुदतीची शिक्षिका आणि पदरी लेकरू, हा आपला प्रश्न तेव्हाही होता. त्यांच्या धर्मांतराचा वाद येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे ते हे की, मुलगी बराच काळ वाँटेज येथील भगिनींच्या आश्रमात राहिली असताही तिच्या संगोपनाचा अधिकार रमाबाईंनी सोडला नाही. ती आपल्या देशास व आपल्या माणसांस परकी होता कामा नये, यासाठी त्या आपल्या हितकर्त्यांशीही पत्रांतून भांडल्या. १८८९ साली त्या परतल्या आणि त्याच वर्षी मुंबईत शारदासदन उघडले. मनोरमा पुढे आईच्या कार्यात तिची प्रमुख सहकारी झाली. विलायतेत गेलेले बालपण तिच्या आड आले नाही. कारण परतण्याची वाट आईने बुजू दिली नव्हती.

येथे दुसऱ्या पक्षाचेही कान धरले पाहिजेत. काही जण मुलांना नेतात, घरी 'तीनच वर्षे' म्हणून सांगतात आणि मनात कायमच्या वास्तव्याचे मनसुबे रचतात. कायमचे राहण्याचा हक्क त्यांस आहे; लपविण्याचा नाही. ज्या मुलास परतण्याचे साल ठाऊक नाही, ते कोठेच रुजत नाही. आणि ज्याच्याशी कोणी महिनोन् महिने मराठीतून बोलले नाही, त्यास परतल्यावर आजीशी खुणांनी बोलावे लागते. मुले न्यावीत, पण अटींवर न्यावीत. परतीचे वर्ष त्यांना पहिल्या दिवशी सांगावे. रोज अर्धा तास मराठी वाचन व लेखन व्हावे. 'बालभारती'ची पाठ्यपुस्तके आता संगणकावरही विनामूल्य मिळतात, तेव्हा पुस्तकाअभावी राहिले ही सबब चालावयाची नाही. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे. परतणाऱ्या मुलास तिच्याशी गाठ घालावीच लागेल. वर्ष वाया जाण्याची धास्तीही अवास्तव आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचा रोखच असा आहे की, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाने वयानुरूप वर्गात बसावे. आणि दाखला येण्यास उशीर झाला म्हणून शाळेस प्रवेश नाकारता येत नाही.

एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. सोबत जाणाऱ्या पत्नीची वा पतीची येथील नोकरी सुटते. ती हानी मोठी आहे आणि ती जमाखर्चात लिहिलीच पाहिजे. बिनपगारी रजा मिळत असेल तर ती मागून घ्यावी, न मिळेल तर तिकडचा पगार ही तूट भरून काढतो काय ते पाहावे. दोन चुली पेटविण्याचा खर्चही मग त्याच कागदावर मांडावा. तो मांडला की 'एकटे जाणे स्वस्त' हा सिद्धान्त पुष्कळदा लंगडा पडतो. आणि ज्या करारात कुटुंबाचा परवाना, निवास व मुलांची शाळा यांविषयी अवाक्षर नाही, त्या करारावर मुलाबाळांच्या माणसाने सही करू नये. अशा वेळी मुले मागे ठेवण्यापेक्षा ती नोकरी मागे ठेवावी.

तेव्हा पुढे कोणी शिक्षक पारपत्र घेऊन निघाला, तर 'एकटाच जा' म्हणण्यापूर्वी वडीलधाऱ्यांनी त्याचा करार वाचावयास मागावा. तो सरळ असेल तर मुलांच्या ट्रंकेत चार मराठी पुस्तके घालून द्यावीत आणि परतीचे साल दाराआड खडूने लिहून ठेवावे. उपदेशापेक्षा ती शिदोरी अधिक उपयोगी पडेल.