युद्धनौकांचा हिशेब संसदेने घ्यायचा नाही, तर कोणी?

२८ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीत संरक्षण मंत्रालयाने अमेरिकी सरकारशी एक व्यवहार केला. नौदलाच्या २४ एमएच-६०आर हेलिकॉप्टरांची देखभाल, सुटे भाग, दुरुस्ती आणि प्रशिक्षण यासाठी सुमारे ७,९९५ कोटी रुपये. संसदेचे हिवाळी अधिवेशन सुरू झाले १ डिसेंबरला. सही आधी, संसद तीन दिवसांनी! यात सरकारने कोणताही कायदा मोडला नाही. आमची तक्रार नेमकी हीच आहे. मोडायला असा कायदाच नाही.

लालबाग-परळच्या वाचकाला वाटेल, याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे. नौदलाची गोदी आणि माझगाव डॉक आपल्या दारात आहेत. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री याच गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले आणि १८ नौसैनिकांनी प्राण गमावले. ती पाणबुडी रशियात मोठी दुरुस्ती करून काही महिन्यांपूर्वीच परतली होती. फेब्रुवारी २०१४ मध्ये मुंबईजवळच्या समुद्रात सिंधुरत्न पाणबुडीत धूर कोंडून दोन अधिकारी गेले. जुलै २०२४ मध्ये गोदीत दुरुस्तीसाठी उभ्या असलेल्या ब्रह्मपुत्रा या युद्धनौकेला आग लागली, त्यात एक नौसैनिक गेला. हे अपघात परदेशी करारांमुळे झाले असे आम्ही म्हणत नाही. पण देखभाल हा नुसता जमाखर्चाचा आकडा नाही, त्यावर माणसांचे जीव टांगलेले असतात. सिंधुरत्नच्या वेळी नौदलप्रमुख डी. के. जोशी यांनी राजीनामा दिला. गणवेशातल्या माणसाने खुर्ची सोडली. संविधानाच्या कलम ७५ ने मात्र लोकसभेला जबाबदार धरले आहे ते मंत्रिमंडळाला.

आता विकणाऱ्या देशात काय चालते ते पाहू. अमेरिकेत १९७६ चा शस्त्रनिर्यात नियंत्रण कायदा आहे. ठरावीक रकमेवरची विक्री करायची तर सरकारला सहीपूर्वी काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, लेखी सूचना द्यावी लागते. भारताच्या बाबतीत ही मुदत ३० दिवसांची. याच हेलिकॉप्टरांची सूचना २ एप्रिल २०१९ रोजी निघाली. अंदाजे किंमत २६० कोटी डॉलर आणि सोबत काय काय देणार त्याची यादी. आपल्याकडे मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने मंजुरी दिली फेब्रुवारी २०२० मध्ये. म्हणजे पैसा भारतीय करदात्याचा, आणि तपशील दहा महिने आधी वॉशिंग्टनच्या लोकप्रतिनिधीच्या टेबलावर!

म्हणून आम्ही अमेरिकेची आरती ओवाळणार नाही. २०१९ मध्ये सौदी अरेबियाला शस्त्रे देण्याविरुद्ध तिथल्या काँग्रेसने ठराव केले आणि ट्रम्प यांनी नकाराधिकाराने ते उडवले. विक्री थांबवणे तिथेही सोपे नाही. पण सरकारला सांगावे लागते, आणि सहीपूर्वी सांगावे लागते.

आपल्याकडे सहीनंतरच जाग येते. २००७ मध्ये अमेरिकेची जुनी ‘ट्रेंटन’ घेऊन आपण तिचे ‘जलाश्व’ केले. तिच्या आक्रमक वापरावर बंधने आहेत आणि दिलेल्या सामग्रीची तपासणी करण्याचा हक्क अमेरिकेला आहे, हे २००८ मध्ये महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले. तोवर जहाज नौदलात दाखल झाले होते. रशियाच्या ‘गोर्शकोव्ह’ची दुरुस्ती २००४ मध्ये ९७.४ कोटी डॉलरला ठरली. २०१० मध्ये किंमत गेली सुमारे २३३ कोटी डॉलरवर. हिशेब मागायला उशीर झाला की किंमत जनता मोजते.

सरकार म्हणेल, देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, गुप्तता हवी. जी माहिती अमेरिका स्वतः जाहीर करते, ती भारतात गुप्त कोणापासून? शत्रूपासून की मतदारापासून?

कलम ११४ नुसार कायद्याने केलेल्या विनियोजनाशिवाय एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही. पण संसद मतदान करते ते ढोबळ रकमांवर, कराराच्या अटींवर नव्हे. मार्च २०१८ मध्ये तर लोकसभेने सगळ्या मागण्या चर्चेविना एका झटक्यात मंजूर केल्या. संरक्षणविषयक स्थायी समिती १९९३ पासून आहे, पण तिच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत.

बाबासाहेबांनी मे १९४९ मध्ये संविधान सभेत महालेखापरीक्षक हा संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी असल्याचे सांगितले होते. ऑक्टोबर १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी उघड हिशेब मांडला होता, की ३५० कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. देशाच्या पहिल्या कायदामंत्र्याने लष्करी खर्चाचा प्रश्न विचारला. आज तोच प्रश्न विचारणारा देशद्रोही कसा ठरतो?

आमची मागणी साधी आहे. ठरावीक रकमेवरच्या प्रत्येक परदेशी संरक्षण करारापूर्वी, मग तो खरेदीचा असो वा देखभालीचा, स्थायी समितीला ३० दिवसांची सूचना देणारा कायदा करा. गुप्त भाग बंद दाराआड ठेवा. खरेदीच्या किमतीसोबत पुढच्या देखभालीचा अंदाजही मांडा. वापरावरची परकी बंधने संसदेला सांगा. २०२३ मध्ये माझगाव डॉकने अमेरिकी नौदलाशी जहाजदुरुस्तीचा करार केला. काम मिळते याचा आनंदच आहे, पण त्या कामात कायम आणि कंत्राटी कामगारांच्या सुरक्षेची जबाबदारी कोणाची, हे कामगार संघटनांना कळले पाहिजे.

दक्षिण मुंबई आणि दक्षिण मध्य मुंबईच्या खासदारांना कार्यकर्त्यांनी हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर लेखीच घ्यावे. मत मागायला ते आपल्या वस्तीत येतात. हिशेब मागायला आपण त्यांच्या दारात गेलेच पाहिजे!