नग मोजू नका, धार पाहा

नव्याने कातकामाला लागलेल्या वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत बरीच वाढली आहेत, आणि त्यांतली तक्रार जवळजवळ एकच आहे. लेथ मशीन घेतले, ऑनलाइन आठ हत्यारांचा स्वस्त संच मागवला, सागाचा तुकडा चढवला, आणि लाकूड सोलले जाण्याऐवजी फाटू लागले. हत्यार रुतून बसते, मनगट भरून येते आणि लाटण्याच्या जागी खरखरीत, खड्डे पडलेली काठी हाती येते. काहींनी तर मशीन विकायला काढल्याचे कळवले आहे. या सगळ्यांना आधी एवढेच सांगायचे आहे की तुमचा हात वाईट नाही. तुमच्या हाती जे देण्यात आले, ते वाईट आहे.

घरी एकट्याने शिकणारा माणूस फसला तर त्याला दोष देता येत नाही. छायाचित्रात आठही हत्यारे चकचकीत दिसतात आणि किंमत एका चांगल्या गाउजपेक्षा, म्हणजे खोलगट पात्याच्या एका हत्यारापेक्षा, कमी असते. पण सरकारी पैशावर चालणारी केंद्रेही डोळे मिटून हेच करतात, तेव्हा गप्प बसणे शक्य नाही. अशा एका प्रशिक्षण केंद्रातल्या निदेशकांनी आम्हाला सविस्तर लिहिले आहे. त्यांची नोकरी तिथेच असल्याने केंद्राचे नाव देत नाही.

केंद्राने लेथ मशिने घेतली, ती बरी आहेत. हत्यारांच्या मागणीपत्रात मात्र एकच ओळ होती : ‘लाकूड कातकामाचा हत्यार संच, 8 नग.’ पोलाद कोणते, पाते किती लांब, गाउजची खाच किती खोल, मूठ केवढी, यांपैकी एका शब्दाचाही उल्लेख नव्हता. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर झाली. संच आले, नग मोजले गेले, आठ भरले, साठा नोंदवहीत सही झाली. लगेचच निदेशकांनी बेंच ग्राइंडर मागितला. उत्तर आले की ग्राइंडर मंजूर यादीत नाही. धार लावणे ही ‘दुरुस्ती व देखभाल’ या शीर्षाखालील बाब असल्याने तरतुदीचा विचार पुढील आर्थिक वर्षात करता येईल. तोपर्यंत उपलब्ध साधनांवर प्रशिक्षण चालू ठेवावे.

हे उत्तर लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने फिरत्या लाकडावर कधी हत्यार टेकवलेले नाही, हे उघड आहे. सागात सिलिका असते. सुके सागवान कातताना धार काही मिनिटांत मरते. खरादावर बसलेला माणूस दिवसभरात कितीतरी वेळा ग्राइंडरकडे वळतो आणि परत येतो. त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत, तो कातकामाचाच भाग आहे. स्वयंपाकघर बांधून द्यायचे आणि चूल पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ढकलायची, असा हा प्रकार आहे. आणि यात खरे नुकसान पैशाचे नाही. बोथट हत्याराने शिकणारा मुलगा पहिल्या दिवसापासून दाबायला शिकतो. बेव्हल, म्हणजे धारेमागचा उतार, लाकडावर टेकवायचा, मूठ हळूच उचलायची आणि धारेला आपणहून लाकूड घेऊ द्यायचे, ही जी मूळ गोष्ट आहे ती धारदार हत्याराशिवाय हाताला कळतच नाही. सहा महिने दाबून काढलेल्या मुलाची ती सवय मोडायला पुढे कोणा उस्तादाला त्याहून जास्त वेळ लागतो.

आता पोलादाकडे येऊ. स्वस्त संचांतली बरीच हत्यारे साध्या कार्बन पोलादाची असतात. कार्बन पोलाद मुळात वाईट नाही. आपल्या लोहारांनी मोटारीच्या पाट्यापासून घडवलेल्या पटाशांवर पिढ्यांनी पाळण्याचे खांब आणि पलंगाचे पाय कातले आहेत. पण त्याला ग्राइंडरवर जपावे लागते. दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे त्याचे पाणी उतरू लागते, तीनशेच्या आसपास कड निळी पडते, आणि निळी पडलेली कड घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. म्हणून कार्बन पोलाद दर काही सेकंदांनी पाण्यात बुडवावे लागते. हाय स्पीड स्टील (एचएसएस) पाचशे अंशांपर्यंत आपला कडकपणा सोडत नाही. शिकाऊ हाताला ही सवलत फार मोलाची आहे, कारण त्याच्या हातून कड तापणारच. एचएसएस मात्र तापलेले असताना पाण्यात बुडवू नका. कडेला सूक्ष्म तडे जातात.

दांड्यावर ‘एचएसएस’ छापले म्हणजे ते एचएसएस असतेच असे नाही. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. हत्याराचे मागचे टोक क्षणभर ग्राइंडरला लावा. पांढऱ्या, लांब, फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या ठिणग्या उडाल्या तर ते कार्बन पोलाद. ठिणग्या आखूड, मंद, तांबूस आणि न फुटणाऱ्या असतील तर ते हाय स्पीड स्टील. खरेदी समित्यांनी माल ताब्यात घेताना नग मोजण्याबरोबर ही चाचणी करावी, अशी आमची मागणी आहे. तिला अर्धा मिनिट लागतो. अर्थात त्यासाठी ग्राइंडर लागेल, म्हणजे ती मंजूर यादीही आपोआप दुरुस्त होईल.

याच्या मुळाशी आणखी एक अडचण आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसायांची यादी आहे. सुतार आहे, होड्या बांधणारा आहे, पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारा आहे, हातोडा आणि हत्यारे घडवणाराही आहे. कातारी नाही. लाकूड कातणाऱ्याला सुतार म्हणून नाव नोंदवावे लागते, नाहीतर खेळणीवाला म्हणून. हत्यारांसाठी मिळणारे 15,000 रुपयांपर्यंतचे साहाय्य व्यवसायाला जोडलेले आहे. सुताराच्या कामाला रंधा, करवत, पटाशी लागते. कातकामाला त्यांतले फार थोडे उपयोगी पडते. सावंतवाडीच्या चितारआळीत किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणात जे काम होते, त्यात लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबतात आणि घर्षणाच्या उष्णतेने रंग चढतो. खालचा पृष्ठभाग स्क्यूने, म्हणजे तिरप्या धारेच्या पटाशीने, स्वच्छ कापलेला नसेल तर ती लाख नीट बसत नाही. म्हणजे या कलेचे तेजदेखील शेवटी धारेवर उभे आहे. योजना आखणाऱ्यांनी कातारी हा वेगळा व्यवसाय मानावा, किंवा निदान सुतार व खेळणी या दोन्ही गटांत कातकामाच्या हत्यारांचा पर्याय द्यावा.

आता वाचकांनी विचारलेला खरा प्रश्न : कमी पैशांत सुरुवात कशी करायची? आमचे मत स्पष्ट आहे. संच घेऊच नका. आठांतली पाच हत्यारे वर्षभर खोक्यातून बाहेर येत नाहीत. दोन टोकांत धरून करायच्या कामासाठी, म्हणजे लाटणे, भोवरा, देव्हाऱ्याचे खांब यांसाठी, एक रफिंग गाउज, एक स्पिंडल गाउज आणि एक पार्टिंग टूल पुरते. वाडग्याकडे वळाल तेव्हा बाउल गाउज घ्या, त्याआधी नाही. रफिंग गाउज वाडग्यावर कधीही वापरू नका. त्याची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते, ती मोडते आणि मोडलेले पाते तोंडावर येते. स्क्यू जरूर घ्या, पण तो पहिल्या महिन्यात जिवावर येईल याची तयारी ठेवून.

उरलेले पैसे ग्राइंडरवर घाला. आठ इंची चाक मिळाले तर उत्तम, सहा इंचीवरही काम भागते. हार्डवेअरच्या दुकानातून ग्राइंडरसोबत येणारे करडे चाक काढून पांढरे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, 60 किंवा 80 ग्रिटचे चाक बसवा आणि सोबत ड्रेसर घ्या. करडे चाक एचएसएसवर लवकर गुळगुळीत होते आणि मग कापण्याऐवजी नुसते तापवते. कोन कायम राखण्यासाठी महागडा जिग लागत नाही, लाकडी ठोकळ्याचा साधा आधार घरीच करता येतो. तीन हत्यारे, ग्राइंडर आणि चाक, एवढे हिशेबाने घेतले तर 15,000 च्या आत बसवता येते. पैसे याहून कमी असतील तर मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला धातूच्या लेथसाठीचे चौकोनी एचएसएस टूल बिट मिळतात. लोखंडी दांड्याच्या टोकाला खाच करून, वरून स्क्रूने आवळून त्यांचा उत्तम स्क्रेपर होतो. जुन्या कानशीपासून मात्र हत्यार करू नका. कानशीचे पोलाद ठिसूळ असते, झटका बसला की काचेसारखे फुटते. ‘आमचे आजोबा करायचे’ हे उत्तर आम्हाला मान्य नाही.

वेगाचे कोष्टक अनेकांनी मागितले आहे. इंचांतला व्यास गुणिले फेरे हा आकडा 6000 ते 9000 च्या दरम्यान ठेवा, कोष्टकाची गरज उरत नाही. दहा इंची वाडग्याला म्हणजे 600 ते 900 फेरे. तुकडा तोलात नसेल तर त्याच्याही खाली.

आणि आता आमच्यातल्या जुन्या मंडळींशी दोन शब्द. अधिकाऱ्यांना दोष देताना आपला वाटाही पाहिला पाहिजे. धार लावण्याचे कसब अनेक उस्तादांनी मुठीत झाकून ठेवले आहे. शिकाऊ मुलाला भुसा झाडायला लावायचे, तुकडे चढवायला लावायचे, पण ग्राइंडरजवळ येऊ द्यायचे नाही, ही रीत अजून गेलेली नाही. ज्यांच्या बापजाद्यांनी ही विद्या टिकवली, त्यांच्याच कारखान्यांत आज हाताखाली माणूस नाही. त्याचे कारण मोबाइलमध्ये शोधण्याआधी त्यांनी स्वतःच्या वागण्यात शोधावे.

म्हणून ज्या वाचकांकडे चांगला ग्राइंडर आहे, त्यांना आमची विनंती आहे. महिन्यातला एक रविवार तुमच्या भागातल्या नवशिक्यांसाठी मोकळा ठेवा. त्यांना हत्यारे घेऊन येऊ द्या, त्यांच्याच हातून धार लावून घ्या, आणि त्याच धारेवर एक लाटणे कातून घरी न्यायला सांगा. ज्यांची तयारी आहे त्यांनी गाव आणि रविवार कळवावा. पुढच्या अंकापासून ती यादी आम्ही विनामूल्य छापू. ज्या निदेशकांच्या केंद्रात ग्राइंडर नाही, त्यांनी मागणीपत्राची आणि आलेल्या उत्तराची प्रत पाठवावी. नाव गुप्त राहील. प्रती हाती आल्या की त्या एकत्र करून संबंधित खात्याच्या सचिवांकडे आम्ही स्वतः घेऊन जाणार आहोत.